सुटली म्हणा, बाई

गावाचं नाव सांगत नाही. सोनईपासून सहा किलोमीटरवर आहे, एवढं पुरे. मी अजून तिथेच नोकरीला आहे, आणि मला नोकरीपेक्षा लाज मोठी वाटली असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

नोकरी म्हणजे तरी काय, मानधन. डी.एड. केलं त्याला अकरा वर्षं झाली. शिक्षक भरतीची वाट बघता बघता लग्न झालं, मुलगा झाला, आणि सासूबाई आल्यागेल्याला माझी ओळख "सूनबाई शिकलेल्या आहेत, पण घरीच असतात" अशी करून द्यायला लागल्या. तो 'पण' मला घासातल्या खड्यासारखा लागायचा. मग 'अक्षरपालवी' आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीतल्या ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने एक वाचनसेविका, एक लोखंडी कपाट आणि कपाटभर गोष्टींची पुस्तकं. वाचनसेविका मी, प्रणिता. पहिल्या दिवशी मुलांनी "बाई" म्हणून हाक मारली तेव्हा कपाटाच्या दाराआड जाऊन मी डोळे पुसले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते कुणा दगडाने केलेलं नाही.

योजनेला एक नियम होता. मार्चमध्ये तपासणी. शाळेत वाचता न येणारी दहा किंवा जास्त मुलं उरली असतील तर पुढच्या वर्षीही योजना चालू. दहापेक्षा कमी उरली तर इथलं काम झालं असं समजून कपाट आणि सेविका दुसऱ्या शाळेत. कागदावर नियम शहाणा आहे. जिथे दुखणेकरी जास्त, तिथे डॉक्टर पाठवायचा. ज्या गावात नऊच दुखणेकरी उरले त्यांनी काय करायचं, ते कागदाला कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवातीला माझ्याकडे एकोणीस मुलं होती. दिवाळीआधीच्या तपासणीत नऊ पार झाली, त्यांची नावं वर कळवली गेली, ती सुटली. उरली दहा. त्या दहांत निकिता होती.

निकिता तिसरीतली. आई ती लहान असतानाच गेलेली. घरी आजी गोजरबाई आणि वडील मच्छिंद्र. घरचं वाईट नव्हतं. विहिरीला पाणी, तीन एकर कांदा, चार गाई. वाईट होतं ते निकिताबद्दलचं मत. पहिलीत तिला अक्षर लागलं नाही, दुसरीत लागलं नाही, तेव्हा 'हिला डोकं नाही' असं ठरून गेलं. गावात एकदा काही ठरलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं असतं, उतरवायला जन्म जातो. पोरीनेही ते मान्य केलं होतं. मी पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "निकिता. मला येत न्हाई." जसं काही ते तिचं आडनाव होतं.

संक्रांतीच्या सुमाराला मच्छिंद्र शाळेत आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. पायाला शेताची माती होती.

"बाई, तुमाला एक सांगून ठिवतो," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला बेलापूरला लेकरू झालंय. ती दुकानात बसती, लेकराला धरायला मानूस पाहिजे. कवापासून म्हनती, निकीला धाड. मार्चच्या परीक्षेपातूर मी बघतो. तवर वाचाया लागली तर शाळा. न्हाई लागली तर उगी बाकडं झिजवून काय उपेग?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाय आटली तर बाजार दाखवायचा, इतका सरळ हिशोब होता त्याचा. मी म्हटलं, "मार्चपर्यंत येईल तिला." तो म्हणाला, "बघू," आणि गेला.

मी त्या पोरीच्या मागे हात धुऊन लागले. तिला अक्षरं ओळखू यायची, पण काना-मात्रा चढली की गडबडायची. वाळूत बोटाने गिरवणं झालं, चिंचोक्यांची अक्षरं झाली, रोज दुपारची खिचडी झाल्यावर अर्धा तास तिला वेगळं बसवणं झालं. काही नाही. फेब्रुवारी संपत आला. आणि एका दुपारी मी वही तपासत असताना कपाटापाशी पुस्तकं लावता लावता ती पुटपुटली, "वि... क्री... सा... ठी... नाही."

सरकारने दिलेल्या पुस्तकांवर मागे छापलेलं असतं ते. मी वर पाहिलं. तिने आपण काय केलं ते ओळखलंही नव्हतं. मला विचारते कशी, "बाई, विक्रीसाठी न्हाई म्हंजे?"

"म्हणजे हे विकायचं नाही. सरकारने तुमच्यासाठी फुकट दिलंय."

तेव्हा तिला कळलं की ती वाचत होती. मग तिने दुसरं पुस्तक उलटं केलं, तिसरं केलं. कपाटात चौसष्ट पुस्तकं होती. चौसष्टच्या चौसष्ट पुस्तकांची पाठ तिने मोठ्याने वाचली, चौसष्ट वेळा तेच वाक्य, आणि मी एकदाही पुरे म्हटलं नाही. आयुष्यात मला कुणी काही दिलं असेल तर त्या दुपारी त्या पोरीने दिलं.

आठवड्याभरात ती गोष्टी वाचायला लागली. तिला वाचनाची उचकीच लागली म्हणा ना. टेम्पोच्या पाठीवरचं वाचायची, बिस्किटाच्या पुड्यावरचं, पाण्याच्या टाकीवरचं. फक्त घरी वाचत नव्हती. वडिलांना ती अण्णा म्हणायची. मला म्हणाली, "अण्णाला मी एकदमच दावनार हाय, परीक्षेच्या दिशी. त्याला म्हनलंय, ये तू."

आता रविकांत सरांबद्दल. आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. चांगला माणूस; पोरांना स्वतःच्या खर्चाने पेन्सिली आणणारा. मी त्यांना आनंदाने सांगायला गेले, "सर, निकिता वाचायला लागली."

त्यांनी आधी "वा" म्हटलं. मग चष्मा काढला. "म्हणजे उरले किती?"

"नऊ," मी म्हटलं, आणि ते म्हणत असतानाच मला ऐकू आलं की मी काय म्हणतेय.

सरांनी चष्मा पुसून परत घातला. मग सर म्हणाले, "करणला अजून 'क' आणि 'फ' वेगळे वाटत नाहीत. समर्थला नावसुद्धा लिहिता येत नाही. तुम्ही गेलात की या नऊ जणांना कोण बघणार? मी? मला पाच वर्ग, खिचडी आणि पन्नास ऑनलाइन माहित्या आहेत."

"पण सर, तिला येतं."

"येतंच आहे ना? कुठे जाणार आहे ते? तपासणीच्या दिवशी दहा मिनिटं गप्प बसली तर काय विद्या आटणार आहे? मॅडम येतील, वर्गात एकेकाला जवळ घेऊन विचारतील, लिहितील, जातील. त्याच संध्याकाळी तुम्ही पुस्तक घेऊन मच्छिंद्रच्या घरी जा आणि पोरीला वाचायला लावा. तो खूश, पोरगी शाळेत, कपाट शाळेत, नऊ पोरं शाळेत. कुणाचं वाईट झालं सांगा."

सरांचं सगळं खरं होतं. हेही खरं होतं की सासूबाईंच्या तोंडातला तो 'पण' मला परत ऐकायचा नव्हता. मी त्या नऊ पोरांना पुढे उभं केलं आणि त्यांच्या मागे स्वतः लपले.

राहता राहिली निकिता. उचकी लागलेलं पोर ते, समोर छापील कागद आला की तोंडातून निघणारच. नुसतं 'गप्प बस' सांगून भागलं नसतं. म्हणून मी तिला शपथ घातली.

आमच्याकडची पोरं दोन शपथा घेतात, आईची आणि विद्येची. आईची शपथ दिवसातून दहादा घेतात आणि बारादा मोडतात. विद्येची मात्र कुणी मोडत नाही, कारण मोडली की विद्या जाते. पुस्तकाला पाय लागला तर पाया पडणारी पोरं ती, त्यांना यात काही शंका नसते. आणि ज्याने शपथ घातली त्याने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. मी लहानपणी अशा शपथा घातल्या होत्या आणि पाळल्याही होत्या. तेव्हा आपण काय हत्यार उचलतोय, हे मला नीट माहीत होतं.

सगळं ऐकून निकिता म्हणाली, "बाई, येतंय तरी न्हाई म्हनू?"

"म्हणायचं काहीच नाही. गप्प राहायचं. आपली शाळा वाचवायचीय ना? पुस्तक कपाळाला लाव. म्हण, विद्येची शपथ, बाई सुटली म्हणेपर्यंत मी कुणासमोर वाचणार नाही."

ती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. "विद्येची नका घालू, बाई. आईची घाला."

"आई कुठाय तुला?" मी म्हटलं. असं बोलले मी. ती पुस्तक कपाळाला लावून शब्द न् शब्द म्हणाली. मग विचारलं, "अन् अण्णासमोर?"

"कुणासमोरच नाही. मी म्हणेपर्यंत."

"पन तुमी म्हनाल ना नक्की?"

"म्हणेन की गं," मी हसून म्हटलं.

तपासणी गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी सरांना तालुक्याहून फोन आला. तपासायला येणाऱ्या नीलांबरी मॅडम म्हणाल्या, वर्गात कशाला, चावडीवाचनच घेऊ. म्हणजे मुलांना गावासमोर बसवून एकेकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. गावाला कळतं शाळेत काय चाललंय, पोरं धीट होतात. आमच्या गावात ते मारुतीच्या सभामंडपात होतं. सरांनी होय म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते? मला फोन करून म्हणाले, "मच्छिंद्र उद्या कांदा घेऊन घोडेगावच्या बाजारात आहे, मी विचारून घेतलंय. काळजी करू नका." मी काळजी सोडून झोपले.

सकाळी सभामंडपात पोहोचले तर खांबाला टेकून मच्छिंद्र बसलेला. धुतलेला सदरा, डोक्यावर कडक टोपी. कांद्याची गाडी त्याने शेजारच्या कल्याणबरोबर लावून दिली होती. भोवती त्याचे पाचसहा सोबती होते, त्यांना तो सांगत होता, "आमची निकी म्हनली, अण्णा तू येच. कायतरी दावनार हाय म्हनं." पोरीने शपथेच्या आधीच त्याला आमंत्रण दिलं होतं, हे मला माहीत होतं की. मीच विसरले होते. किंवा विसरणं सोयीचं होतं.

निकिता मुलांच्या रांगेत बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिला वाटत होतं, अण्णा आलाय म्हटल्यावर बाई आता सुटली म्हणणार.

नीलांबरी मॅडम खरोखर चांगल्या होत्या. याचाच मला आजही राग येतो. त्यांनी खुर्ची नाकारली, मुलांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. करण अडला तेव्हा त्याची पाठ थोपटली. समर्थला काहीच आलं नाही तेव्हा त्याला खडीसाखर दिली. मग त्यांनी यादी पाहून हाक मारली, "निकिता."

ती उठली, समोर जाऊन बसली. मॅडमनी पुस्तक उघडून दिलं. ओळ सोपी होती. तिने त्याहून अवघड कितीतरी वाचलेलं होतं.

"वाच बाळा. घाई नाही."

निकिताने पुस्तकाकडे पाहिलंच नाही. डोळे अडकतील म्हणून असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तीन हातांवर उभी होते. एक शब्द, तीन अक्षरं. माझी जीभ काही कुणी धरलेली नव्हती.

"पहिलं अक्षर तरी सांग," मॅडम म्हणाल्या.

मच्छिंद्र खांबापासून सरकून ताठ बसला. निकिताचे ओठ हलले. मॅडमनी कान पुढे केला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सुटली म्हना की."

"काय म्हणतेय ती?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं. "सुट्टी मागतेय."

तेवढ्यात रांगेतून संस्कृती उठली. निकिताच्या बाकावर बसणारी, तिच्याकडून चार अक्षरं शिकलेली. म्हणाली, "मॅडम, निकीला येतं. ती समदं वाचती."

रविकांत सर म्हणाले, "खाली बस." मॅडम मात्र वळल्या. त्यांना खरंच आशा वाटली होती, मी त्यांचं तोंड पाहिलं. "येतं का हो हिला?" त्यांनी मला विचारलं.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मच्छिंद्रही. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "नाही मॅडम. अजून अक्षरावरच अडते. मैत्रिणीच्या प्रेमापोटी बोलतेय ती."

मॅडमनी यादीत खूण केली. मागून कुणीतरी म्हणालं, "हे दावायचं हुतं व्हय रं, मच्छिंद्रा?" आणि सोबती हसले. फार नाही, थोडेच. मच्छिंद्रने टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि उठून गेला. निकिता पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसली. रडली नाही. शपथ पाळल्यावर माणूस जसा बसतो तशी बसली.

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन मच्छिंद्रकडे निघाले. शाळेच्या फाटकात सरांनी अडवलं. "आज नको. मॅडम सोनईच्या शाळेत आहेत अजून. तो तोंडाचा फाटका माणूस, आत्ताच्या आत्ता बोंब मारेल. उद्या जा." मी थांबले. मला थांबायचंच होतं, त्यांनी फक्त कारण दिलं.

दुसऱ्या दिवशी निकिता शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर गेले तर ओट्यावर गोजरबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"गेली की," त्या म्हणाल्या. "सकाळीच मच्छूनं गाडीवर बसवून बेलापूरला नेली. काल घरी आल्यावर त्यो काय बोलंना. पोरीला भ्या वाटलं. मग दप्तरातून पुस्तक काडलं अन् बसली वाचाया. हुंदकं देत, थुका गिळत. म्या म्हनलं, आगं येतंय की हिला. मच्छू म्हनला, पाठ केलंय. समद्या गावासमोर येत न्हाई अन् घरात बरं येतं? मग त्यानं कल्याणनं आनल्याली कांद्याची पट्टी पुढं टाकली. म्हनला, ही वाच. न्हाई आली तिला. दोन तोंडात बसल्या."

पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीची हिशोबाची पावती, कोनाड्यातच होती. मी काढून पाहिली. व्यापाऱ्याच्या दिवाणजीने घाईत ओढलेल्या रेघोट्या होत्या. मला डी.एड. झालेलीला त्यातला एक शब्द लागला नाही.

तेवढ्यात मच्छिंद्र आला. मी सगळं सांगितलं. नियम, दहा, शपथ, सगळं. तो ऐकत उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाई," तो म्हणाला, "काल तुमी शंभर मानसांत म्हनला येत न्हाई. आज माझ्या एकट्याच्या वट्यावर म्हनता येतंय. मी कंचं खरं धरू?"

"आजचं खरं आहे."

"मंग पारावर या. सांजच्याला समदे बसत्यात तिथं. त्यांच्यासमोर म्हना, पोरीला येत हुतं, मी खोटं बोलले. एवढंच म्हना. मी आत्ता गाडी काडतो, पोरीला घिऊन येतो. निजायच्या आत घरात आसंल ती."

मी "येते" म्हटलं. वाटेत सरांना फोन केला. सर म्हणाले, "बोला, पारावर जाऊन बोला. नोकरी तर जाईलच, खोटी नोंद केली म्हणून माझी पेन्शनही अडकेल. आणि ती नऊ पोरं. तुमची मर्जी." मी फाट्यावर येऊन सहाची एसटी पकडली आणि घरी गेले. भाजी निवडली. मुलाचा अभ्यास घेतला.

मच्छिंद्र दिवे लागेपर्यंत पारावर बसला होता म्हणे, गाडीची किल्ली हातात धरून. संस्कृतीने सांगितलं मला. मी विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. योजना चालू. नवीन चाळीस पुस्तकं आली. हेही सांगून टाकते की करण आता घडघडा वाचतो आणि समर्थने परवा मला चिठ्ठी लिहिली. त्या नऊ जणांतले पाच पार होतील. निकिताचं नाव सरांनी पटावरून काढलं नाही. तिचं नाव गेलं तर पटावर एक कमी, यादीतही एक कमी. हजेरीत तिच्यापुढे मी रोज गैरहजरचं चिन्ह करते.

बेलापूरला जायला मला ऑगस्ट उजाडला. रक्षाबंधनाची सुट्टी होती. आत्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. आत्या दुकानात होती, तिचा भाऊ, म्हणजे मच्छिंद्र, यायचा होता राखीला, त्याच्या आत मला निघायचं होतं. निकिता मागच्या दारी होती, कडेवर लेकरू घेऊन. हात बारीक झाले होते, पण उंच वाटली. मला बघून तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मी आणलेलं पुस्तक पुढे केलं. ते तिचंच होतं, पहिल्यांदा पाठ वाचलेलं. आणि पाच महिने तोंडात धरून ठेवलेला शब्द अखेर म्हटला. "सुटली, निकिता. सुटली."

तिने पुस्तक घेतलं नाही. लेकराचं नाक पुसलं.

"ती कवाच मोडली, बाई," ती म्हणाली. "त्याच दिशी. अण्णा लई रागात हुता, मला भ्या वाटलं. तुमी सुटली म्हनायच्या आधीच म्या वाचलं त्याच्यासमोर. म्हनून त्या पट्टीवरचं मला दिसलंच न्हाई. गेली विद्या."

"असं काही नसतं गं. ती पट्टी मलाही वाचता आली नाही. बघ, वाचून तर बघ."

मी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. तिने पाहिलं. मी वर्षभर मुलांचे डोळे बघत बसलेली बाई आहे, अक्षरावर डोळा थांबतो तो कसा थांबतो मला माहीत आहे. तिचा कुठेच थांबला नाही. ती पानाकडे बघत होती ते भिंतीकडे बघावं तसं. मग लेकरू रडायला लागलं आणि ती त्याला हलवत आत गेली. येताना तिच्या हातात अंगणवाडीतून मिळालेलं लेकराच्या खिमटीचं पाकीट होतं.

"बाई, आल्यासारखं एवढं वाचून द्या," ती म्हणाली. "पानी किती घालायचं लिवलंय बघा. आत्याचा चष्मा दुकानात ऱ्हातो, मग माझ्याकडून पातळ व्हतं अन् ती मारती."

मी पाकीट हातात घेतलं. "दोन वाट्या पाणी," मी वाचलं. "उकळी आल्यावर पाच मिनिटं ढवळावे."

ती ओठ हलवत माझ्या मागून म्हणत होती, पाठ करत होती. दोन वाट्या, पाच मिनिटं. मग तिने पाकिटावर बोट ठेवलं. "अन् हे खाली, लाल आक्षरात?"

"विक्रीसाठी नाही," मी म्हटलं.

"म्हंजे?" निकिताने विचारलं.

लेकराने तिच्या हातातून पाकीट ओढलं. मी पिशवी उचलली आणि भाऊ यायच्या आत मागच्या दाराने बाहेर पडले.